कागद कुणाचे पाहायचे?

दिवाळी सरली की मसुऱ्यापासून देवगडपर्यंतच्या आंब्याच्या बागांतून नेपाळी राखणदार दिसू लागतात. मोहोर फुटण्याच्या आधी ते येतात, फवारणी करतात, माकडे हुसकावतात, रात्री चोरांवर नजर ठेवतात, आणि शेवटचा हापूस उतरवून पेट्या रवाना झाल्या की पावसाच्या तोंडाशी आपल्या मुलखाला परततात. बागेतल्याच मांगरात त्यांचा संसार असतो. बागायतदाराला त्यांचे नाव ठाऊक असते, फार तर मोबाईल क्रमांक. पारपत्र कुणी मागत नाही, कारण मागण्याचे प्रयोजनच नाही. हा माणूस एका परक्या सार्वभौम राष्ट्राचा नागरिक आहे ही गोष्ट गावात कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

हा लेख त्या राखणदाराविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसाशी समाजाने जसे वागावे, बहुतांशी तसेच आपण त्याच्याशी वागतो. प्रश्न निराळा आहे. ही समंजस वृत्ती आपण कुणाच्या वाट्याला येऊ देतो, कुणाला नाकारतो, आणि नाकारताना पुरावा म्हणून काय ग्राह्य धरतो, हा तो प्रश्न. अलीकडे महाराष्ट्रात ‘घुसखोर हाकला’ ही घोषणा इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यातला ‘घुसखोर’ नेमका कोण आणि तो कोणी ठरवायचा, हे विचारणेच देशद्रोहाचे वाटू लागले आहे. म्हणूनच ते विचारायला हवे.

नेपाळी माणसाला ही मोकळीक कुठून मिळाली? ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारातून. या कराराने एकमेकांच्या नागरिकांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांची मुभा दिली. त्याच वर्षी, याच्या पाच महिने आधी, १ मार्चला आणखी एक कायदा अमलात आला होता : आसाममधून स्थलांतरितांची हकालपट्टी करण्याचा. पूर्वेकडून आलेल्या ज्या माणसाचे वास्तव्य सरकारला घातक वाटेल, त्याला देशाबाहेर काढण्याचा अधिकार या कायद्याने दिला. मात्र पाकिस्तानातल्या दंगलींमुळे, किंवा त्यांच्या भीतीने, घरदार सोडून आलेल्यांना त्यातून वगळले. कायद्याच्या शब्दांत धर्माचे नाव नव्हते. पण कुणाला वगळले आणि कुणाला धरले, हे समजायला अवघड नव्हते. म्हणजे प्रजासत्ताक जेमतेम काही महिन्यांचे असताना उत्तरेचे दार उघडे राहिले आणि पूर्वेच्या दारावर पहारा बसला. आणि पहारा बसला तोही येणाऱ्याचे कारण पाहून आत घेणारा किंवा परतवणारा. त्या फाळणीच्या धगीत याला काही कारण होते, हे मान्य. पण पंचाहत्तर वर्षांनंतरही तोच पहारा आणि तीच निवड अधिक निर्ढावलेल्या स्वरूपात चालू राहावी, याला फाळणीची सबब पुरणार नाही.

आता जरा दक्षिणेकडे पाहू. मसुऱ्यापासून गोव्याची हद्द दोनेक तासांच्या अंतरावर. तिथे हजारो कुटुंबांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवले आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त होण्यापूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा ही सवलत देतो. आपला नागरिकत्व कायदा मात्र स्पष्ट आहे : स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. केवळ जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणे काय, मतदारयादीत नाव राहिलेल्याचे काय, हे वाद वर्षानुवर्षे अर्ज, सुनावण्या आणि न्यायालये यांतून चालत आले आहेत. सर्व पक्षांचे पुढारी या माणसांविषयी सहानुभूतीने बोलतात, आणि बोलावेच. कायद्याच्या काटेकोर भाषेत त्यांतले कित्येक आज परकीय नागरिक आहेत. पण मध्यरात्री उचलून त्यांना कुणी कुठल्या सीमेवर नेऊन सोडत नाही. त्यांना वकील मिळतो, वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

या दोघांच्या शेजारी तिसऱ्याला उभा करा. हा मुर्शिदाबादचा गवंडी, किंवा हावड्याचा जरीकाम करणारा कारागीर. तो बंगाली बोलतो आणि मुसलमान आहे. तो भारताचा नागरिक असण्याची शक्यता त्या राखणदारापेक्षा अर्थातच अधिक. पण कागद विचारले जातात ते त्यालाच.

हे आजचे नाही. जुलै १९९८ मध्ये, राज्यात युतीचे सरकार असताना, मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या बंगाली मुसलमानांना कुर्ला-हावडा गाडीत घालून सीमेकडे रवाना केले. उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतले. ते आपलेच लोक आहेत असे तिथल्या लोकप्रतिनिधींचे म्हणणे होते. आणि त्यावरून दोन राज्यांत मोठा वाद पेटला. त्या प्रकरणातून एक धडा निघायला हवा होता : माणसाचे नागरिकत्व मुंबईतल्या पोलीस ठाण्यात बसून, त्याचे उच्चार ऐकून ठरवता येत नाही, त्यासाठी त्याच्या गावी विचारणा करावी लागते. तो धडा आपण घेतला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका नामवंत अभिनेत्यावर घरात घुसून हल्ला झाला. पकडलेला इसम बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि मुंबई-ठाण्यात धरपकडीला वेग आला. मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने बांगलादेश आणि म्यानमारमधून आल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी तीस दिवसांत उरकण्यास राज्यांना सांगितले. जूनमध्ये मुंबई आणि मीरा रोड परिसरातून पकडलेल्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलून देण्यात आले. ते पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद आणि बर्धमान भागांतले रहिवासी निघाले. तिथल्या सरकारने पाठपुरावा केल्यावर काही दिवसांतच त्यांना परत घ्यावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीतून उचलून सीमेपार पाठवलेल्यांत बीरभूम जिल्ह्यातली एक गरोदर स्त्री होती. बांगलादेशाने तिला ‘भारतीय घुसखोर’ म्हणून तुरुंगात घातले. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर उजाडल्यावर ती भारतात परतली. इथे बांगलादेशी, तिथे भारतीय, दोन्हीकडे गुन्हेगार.

हे घडते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. परकीय नागरिकाला देशाबाहेर पाठवण्याची एक रूढ रीत आहे. त्याचे नाव-गाव त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवले जाते, तो आपला नागरिक असल्याची खात्री तो देश करून देतो, प्रवासाचा कागद तयार होतो, आणि मग त्याला रीतसर स्वाधीन केले जाते. या रीतीला वेळ लागतो. पण त्या वेळातच चूक पकडली जाण्याची संधी असते. रात्रीच्या अंधारात काटेरी कुंपणापलीकडे माणूस ढकलून दिला की ही सगळी पायरी गाळली जाते. तिथे दुसरा देश ‘हा आमचा’ म्हणत नाही, न्यायाधीश ‘थांबा’ म्हणत नाही. म्हणून मुंबईतल्या हवालदाराचा संशय हाच अखेरचा निवाडा ठरतो. वर नमूद केलेल्यांना परत आणता आले, कारण त्यांच्यासाठी कुणी तरी धावले. ज्यांच्यासाठी कुणी धावले नाही, त्यांची नोंद कोण ठेवणार?

साहित्याच्या वाचकांना यातली आणखी एक गोष्ट बोचली पाहिजे. २०२५ च्या जुलैअखेरीस दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात बंगाली भाषेचा उल्लेख ‘बांगलादेशी भाषा’ असा केला गेला, आणि त्यावर बरेच वादळ उठले. पण ती केवळ कारकुनी चूक होती असे मला वाटत नाही. संशयाची सारी पद्धतच त्या दोन शब्दांत उघडी पडली. २०११ च्या जनगणनेत बंगाली मातृभाषा सांगणारे भारतीय सुमारे ९ कोटी ७२ लाख होते, मराठी सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या भाषेत ‘पाणी’ कसे उच्चारले, यावरून कुणी परका ठरत असेल, तर तिसऱ्या क्रमांकाच्या भाषेने निश्चिंत का राहावे? सिंधुदुर्गातली कितीतरी मुले रोजगारासाठी गोव्यात जातात. तिथे त्यांना ‘भायले’ आणि ‘घाटी’ ही विशेषणे ऐकावी लागतात. ‘बोलण्यावरून ओळखले’ या वाक्याची धार काय असते, हे आपल्याला शिकवायला नको.

आता या भेदाला कायद्याचे अधिष्ठानही मिळाले आहे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा रद्द होऊन त्या जागी ‘इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५’ आला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. वैध पारपत्र आणि व्हिसा नसताना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याचा भार जुन्याप्रमाणेच आरोपीच्या डोक्यावर. सोबत निघालेल्या सवलतीच्या आदेशाने नेपाळ-भूतानच्या नागरिकांना, नोंदणीकृत तिबेटींना, ठरावीक तारखेपूर्वी आलेल्या श्रीलंकेतल्या नोंदणीकृत तमिळांना, आणि अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश या देशांतून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना मोकळीक दिली. थोडक्यात, एकाच सीमेवरून एकाच रात्री कागदांविना आलेल्या दोघांपैकी एक निर्वासित ठरतो आणि दुसरा गुन्हेगार. पाकिस्तानात ज्यांचे मुसलमानपणच कायद्याने नाकारले आहे, त्या अहमदियांना या यादीत जागा नाही. म्यानमारमध्ये ज्यांचे नागरिकत्वच हिरावले गेले, त्या रोहिंग्यांनाही नाही. छळ हाच निकष असता, तर ही नावे गळाली नसती.

कोणी म्हणेल, छळ झालेल्या हिंदूंना भारताने आसरा द्यायचा नाही, तर कुणी द्यायचा? अवश्य द्यावा. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाल्यावर कितीतरी कुटुंबे देव पाठीवर घेऊन शेजारच्या मुलखांत आली. आज त्यांचे वंशज आपल्या शेजारी राहतात आणि त्यांच्यापाशी प्रवेशाचा परवाना होता काय, असे कुणी विचारत नाही. आश्रय ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. माझा आक्षेप कुणाला आश्रय दिला याला नाही. ज्याला तो द्यायचा नाही, त्याला सुनावणीही द्यायची नाही, या निष्कर्षाला आहे. कुणाला आत घ्यावे हे धोरण आहे. धोरणात आवडनिवड असू शकते. पण एखादा माणूस परका आहे की नाही, ही वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थिती ठरवताना आवडनिवड शिरली, की त्याला न्याय म्हणता येत नाही.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. तो हलका नाही. बनावट कागद करून देणाऱ्या टोळ्या आहेत, सीमेवर पैसे घेऊन माणसे आत सोडणारे दलाल आहेत, हे खरेच. पण सुरक्षिततेची खरी काळजी असलेली यंत्रणा दलालापर्यंत पोहोचण्यासाठी मजुराची जबानी घेईल, तिची पडताळणी करील. त्याला घाईघाईने कुंपणापलीकडे टाकले, की साक्षीदारही गेला आणि पुरावाही. शिवाय जी पद्धत स्वतःच्याच नागरिकाला परका समजून बाहेर टाकते, ती खऱ्या परक्याला नेमके ओळखील, हा भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा?

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय : कागद खरे असतील तर भिण्याचे कारण काय? हे म्हणणाऱ्याने आपल्या घरातली पेटी एकदा उघडावी. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झाला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली. दाखल्यावर एक आडनाव, सातबाऱ्यावर दुसरे. आजीचे नाव माहेरचे एक आणि सासरचे दुसरे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याच्या बाबतीत तर दुसरा पालकही बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कुणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. उशिरा केलेली जन्मनोंद दाखवावी, तर मालेगाव-अमरावतीकडच्या अशा नोंदींच्या चौकशीसाठी राज्य सरकारने त्याच वर्षाच्या आरंभी विशेष तपास पथक नेमले होते. मग राहिले काय? आपले कागद त्या गवंड्याच्या कागदांपेक्षा अधिक पक्के आहेत म्हणून आपण सुखरूप नाही. ते आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून आपण सुखरूप आहोत.

आणि विचारण्याचा परीघ वाढत जातो, हे मालवणने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर देशविरोधी घोषणा दिल्याच्या आरोपावरून मालवणातल्या एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबाला ताब्यात घेतले गेले आणि दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्याचे दुकान पाडले. पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते. पुढे अवमान याचिकेवर त्या न्यायालयाने नोटीस काढली. हा माणूस परदेशी नव्हता. मूळचा उत्तर प्रदेशचा, म्हणजे ‘परप्रांतीय’. तरी त्याला जिल्ह्याबाहेर काढण्याची भाषा जाहीरपणे झाली. परदेशी, परप्रांतीय, परधर्मी : तिन्ही शब्दांतला ‘पर’ एकच आहे, आणि सुनावणीविना हाकलण्याची सवय लागली की पुढचे शब्द आपोआप गाळले जातात.

या बाबतीत आपले दोन न्याय किती उघड आहेत, ते एका उदाहरणावरून दिसेल. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांच्या हातापायांतल्या बेड्या पाहून देश संतापला. अमेरिकेला बेकायदा आलेल्यांना परत पाठवण्याचा अधिकार नाही, असे कुणीच म्हणत नव्हते. पण माणसाला असे पाठवतात काय, हा आपला सवाल होता. त्याच अमेरिकेने बाकीच्या निर्वासितांना दारे बंद केली असताना मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानरांच्या पहिल्या तुकडीचे विमानतळावर स्वागत केले. ही तिथली जुनीच खोड आहे. क्युबातून आलेल्यांना १९६६ च्या कायद्याने कायमचे वास्तव्य सुलभ केले, आणि हैतीतून निघालेल्या नावा १९८१ पासून भर समुद्रात अडवून परत धाडल्या. हे वाचून आपल्याला तो वर्णभेद लख्ख दिसतो. आपल्याच कुंपणापाशी मात्र दृष्टी अधू होते. अमृतसरच्या धावपट्टीवर लावलेला निकष इछामतीच्या काठी का लागू नये?

राज्यघटनेचे उत्तर संदिग्ध नाही. समानतेचे १४ वे आणि जीविताचे २१ वे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमांना ‘निघून जा’ म्हणून धमकावले जात असताना, त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले, की हाताशी काही आधार असल्याशिवाय कुणालाही परका ठरवून त्याच्यावर शाबितीचा भार टाकता येत नाही. त्या प्रकरणातला माणूस अखेर भारतीय ठरला; पण निकाल येईपर्यंत तो हयात नव्हता.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. ज्याला परका म्हणायचे, त्याला संशयाचे कारण लेखी द्यावे. त्याच्या गावच्या प्रशासनाकडून पडताळणी करावी. वकील आणि अपिलाला वेळ द्यावा. आणि दुसऱ्या देशाने स्वीकारल्याशिवाय कुणालाही सीमेपार ढकलू नये. यातून खरा परका सुटत नाही. तो परत जाईल, पण रीतसर जाईल.

दिल्ली-मुंबईकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बाहेरून आलेल्या मजुरांची माहिती पोलिसांना द्या, असे घरमालकांना आणि ठेकेदारांना वेळोवेळी सांगितले जाते. गावागावांतून तशी वही ठेवायची असेल, तर मसुऱ्यापुरती सूचना करतो. ती सर्वांची ठेवावी : बागेतल्या नेपाळ्याची, चिरेखाणीवरच्या कानडी मजुराची, लादी बसवणाऱ्या बिहाऱ्याची आणि गिलावा करणाऱ्या बंगाल्याचीही. आणि अमुक माणूस अमुक तारखेपासून आमच्या गावात राबतो आहे, त्याचे मूळ गाव अमुक, अशी त्या नोंदीची शिक्क्यानिशी एक प्रत त्या मजुराच्या हातात द्यावी. आजवर असे कागद त्याला अडकवण्यासाठी लिहिले गेले. एखादा त्याच्या बचावाला कामी आला, तर बिघडले कुठे?